बारावी बाटली

धुराचं मशीन गल्लीत आलं तेव्हा अध्यक्षांनी त्याला लाल रिबीन बांधली आणि ती स्वतःच कापली. चौदा बंगल्यांच्या त्या गल्लीत रिबीन कापायला दुसरं कोणी बडं माणूस नव्हतं, आणि असतं तरी अध्यक्षांनी कात्री हातची सोडली नसती. मग त्यांनी डोळ्यांवर पोहायचा चष्मा चढवला, नाकातोंडाला फडकं गुंडाळलं, मशीन खांद्याला अडकवलं आणि फटफट आवाज करत, पांढरे ढग सोडत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मागून कमिटीची चार माणसं खोकत खोकत निघाली. लोक गॅलऱ्यांत उभे राहून फोनवर चित्रण करत होते. पाच मिनिटं कोणाला कोण दिसेना, आणि त्या न दिसण्याचंच सगळ्यांना मोठं समाधान वाटलं.

ताईंनी आपल्या वरच्या खोलीची खिडकी लावून घेतली.

अध्यक्ष हे ताईंचे धाकटे भाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात कोणी त्यांचं ऐकेना, म्हणून ते गल्लीच्या कमिटीत गेले आणि दोन वर्षांत अध्यक्ष झाले. ताईंनी आरोग्य खात्यात एकतीस वर्षं डासांमागे काढली होती. सकाळी लोकांच्या घरी जाऊन पिंपं, टाक्या, कुंड्या तपासायच्या आणि दुपारी प्रयोगशाळेत बसून आणलेल्या अळ्या भिंगाखाली मोजायच्या. लग्न केलं नव्हतं. नोकरी संपल्यावर भावानं आग्रह करून वरची खोली दिली, तिथे त्या चार वर्षं राहत होत्या. गल्ली त्यांना तोंडावर ताई म्हणे आणि पाठीमागे अळीबाई. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. गल्लीतल्या माणसांना त्यांनी मनातल्या मनात जी नावं ठेवली होती, त्या मानानं अळीबाई हे बरंच सभ्य होतं.

अध्यक्ष घरात आले तेव्हा त्यांच्या अंगाला डिझेलचा वास येत होता आणि चष्म्यानं डोळ्यांभोवती दोन गोल वळ उठवले होते. भावजयीनं चहा पुढे केला.

"ताई, बघितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"बघितलं. मरतील बिचारे."

"डास ना?"

"नाही, तुझी कमिटी. त्या वकिलाला आधीच दमा आहे."

भावजयीनं कपाळाला आठी घातली. "वन्सं, तुम्हाला कशाचंच कौतुक नाही. सबंध गल्ली यांचं नाव घेतेय."

"अगं, घेऊ दे की. पण ज्या डासामुळे ताप येतोय तो दिवसा चावतो. स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आणि हा संध्याकाळी जाऊन गटाराला धूर दाखवतोय. उडणारे चार मरतील. पाण्यातले आठ-दहा दिवसांत पुन्हा उडतील. मग हा पुन्हा चष्मा लावेल."

"लोकांना काहीतरी केलेलं दिसावं लागतं," अध्यक्ष म्हणाले.

"मग बँड लाव, पिंट्या. ऐकूही येईल."

एकसष्टाव्या वर्षी बायकोसमोर पिंट्या म्हणवून घेणं अध्यक्षांना झोंबायचं. ते कप उचलून अंगणात गेले आणि कारंज्याच्या कठड्यावर बसले.

ते कारंजं हा घरातला नाजूक विषय होता. अंगणाच्या मधोमध गोल हौद, हौदात दगडी हंस, हंसाच्या चोचीतून पाणी पडायची सोय. भावजयीनं ते हौसेनं बांधून घेतलं होतं. पंप जळून दोन महिने झाले, तेव्हापासून हंस नुसता चोच उघडून बसला होता आणि खाली पाणी साठलेलं होतं. ताईंनी हौद एकदा उपसला, तर भावजयीनं कमळं सुकतात म्हणून संध्याकाळी पुन्हा भरला. ताईंनी अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडले, तर ते दिसायला दरिद्री आहेत म्हणून तिनं ते गटारात ओतले. "पाणी बघा कसं काचेसारखं आहे," ती म्हणायची. ताई म्हणायच्या, "म्हणूनच तर." पुढे बोलणं सरकत नसे.

धूर आठवड्यातून दोनदा निघू लागला आणि तापही आपल्या गतीनं पुढे सरकत राहिला. आधी तीन घरांत होता, तो पाच घरांत गेला. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचे यजमान सहा दिवस दवाखान्यात होते, अंगावर लाल पुरळ आणि रक्तातल्या पेशी उतरलेल्या. आता कमिटीची पंचाईत झाली. धूर चुकला असं म्हणता येत नव्हतं, कारण त्याची चित्रफीत सगळ्यांनी नातेवाइकांना पाठवली होती. तेव्हा दोष दुसऱ्या कोणाचा तरी असणं भाग होतं, आणि तो कोणाचा हे ठरवायला कमिटीला अर्धा तासही लागला नाही.

गल्लीच्या तोंडाशी, शेवटच्या भिंतीला टेकून, इस्त्रीवाल्याची पत्र्याची टपरी होती. बाहेर कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचं एक निळं पिंप. गल्लीत कंपाउंडच्या बाहेर दिसेल असं पाणी तेवढंच, म्हणून डास तिथलेच. वकिलांनी अर्ज लिहिला की ही टपरी आरोग्याला धोका आहे आणि ती हटवण्यात यावी. रविवारी सकाळी बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

ताईंना हे भावजयीकडून बुधवारी कळलं. त्यांनी कपाटातून पांढऱ्या एनॅमलचा जुना डाव काढला आणि सरळ टपरीवर गेल्या.

इस्त्रीवाला पन्नाशीचा, आखडू माणूस होता. त्यानं मान वर केली नाही. "कपडे संध्याकाळी मिळतील."

"कपड्यांना नाही आले. पिंपावरचं फडकं काढा जरा."

"तुम्ही पण कमिटीच्या का?"

"मी कोणाच्याच नाही."

त्यानं इस्त्री उभी केली आणि फडकं सोडलं. ताईंनी डाव बुडवून काढला, उजेडात धरला, पुन्हा बुडवला. पाच वेळा पाहिलं. मग पिंपाच्या आतून बोट फिरवलं. कुठे बुळबुळीत लागलं नाही.

"घासता पण?"

"रोज संध्याकाळी ओततो आणि घासतो. शिळं पाणी मारलं की कपड्याला वास धरतो. एकदा वकीलसाहेबांच्या शर्टाला धरला, तर त्यांनी शर्ट माझ्या तोंडावर फेकला."

एकतीस वर्षांत ताईंनी हजारो पिंपं पाहिली होती. अशी पिंपं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. "रविवारी बैठकीत येऊन हे सांगा," त्या म्हणाल्या.

"मला बोलावलेलं नाही. काय ठरलं ते कळवणार आहेत." त्यानं इस्त्री पुन्हा हातात घेतली. "आणि बाई, अर्जावर पहिली सही तुमच्याच भावाची आहे. तुम्ही घरीच का नाही विचारत?"

घरी विचारण्यात अर्थ नव्हता हे ताईंना ठाऊक होतं. भाऊ वाईट नव्हता. चार माणसांनी हो म्हटलं की त्याच्या तोंडून पाचवा हो आपोआप निघायचा, इतकंच. ताईंना अशा माणसांची खुनशी माणसांपेक्षा जास्त चीड यायची. खुनशी माणूस निदान स्वतः विचार करून वाईट वागतो.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराघरांत जायला लागल्या. हातात पिशवी, पिशवीत डाव, ड्रॉपर आणि प्रयोगशाळेतून निघताना आणलेल्या छोट्या नमुन्याच्या बाटल्या. "तुमच्या त्या गुलाबी फुलाची एक फांदी मिळेल का?" एवढं म्हटलं की कोणीही बाई कौतुकानं कात्री आणायला आत जायची, आणि तेवढ्यात ताईंचं काम व्हायचं. गेली चार वर्षं जिनं कोणाच्या फुलाकडे ढुंकून पाहिलं नाही ती अचानक फांद्या मागत का हिंडतेय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. स्वतःच्या बागेची स्तुती म्हटली की माणसाची अक्कल पहिली रजेवर जाते, असं ताईंचं मत होतं.

वकिलांच्या अंगणात जुन्या मोटारीवर ताडपत्री होती. तिला मधोमध पोट सुटलं होतं आणि त्या पोटात बादलीभर पाणी. अर्ज याच मोटारीशेजारच्या टेबलावर बसून लिहिला होता. निवृत्त प्राचार्यांच्या कुंपणाचे लोखंडी पाइप वरून उघडे होते, एकेका पाइपात वीतभर पाणी आणि त्यात अळ्यांची दाटी. प्राचार्य त्याच कुंपणाला टेकून ताईंना वीस मिनिटं पर्यावरणाचं महत्त्व सांगत होते. बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या मानेवर दोन डास मारले, पण व्याख्यान तोडलं नाही. कोणाच्या गच्चीत फुटका टब, कोणाच्या कुंड्यांखाली बशा, कोणाच्या कुत्र्याची पाण्याची परात. कुत्रं गेल्या वर्षीच मेलं होतं.

डॉक्टरीणबाईंकडे अंगणात काही सापडलं नाही. त्यांनी ताईंना आत बोलावलं, पाणी दिलं, यजमानांची हकीकत सांगितली. दिवाणखान्यात खिडकीपाशी काचेच्या बाटल्यांत वेली लावल्या होत्या, नऊ बाटल्या ओळीनं. यजमानांची वाचायची खुर्ची त्या खिडकीलाच लागून होती. डॉक्टरीणबाई फांदी बांधायला दोरा आणायला गेल्या तेवढ्यात ताईंनी खुर्चीमागची बाटली उचलून उजेडात धरली. पाहिलं, आणि ड्रॉपर काढला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत चौदा घरांपैकी अकरा घरांच्या बाटल्या भरल्या. अकरावी अर्थात कारंज्याची. ताईंनी त्या टेबलावर मांडल्या आणि उद्या प्रत्येकाला काय ऐकवायचं याची मनात उजळणी केली. वकिलांसाठीचं वाक्य त्यांना फारच आवडलं. ते त्यांनी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

रविवारी सकाळी चहा घेऊन त्या चिठ्ठ्या चिकटवायला बसल्या. घराचा नंबर, जागा, तारीख. नोकरीत असल्यासारखी हुशारी वाटत होती. शेवटची चिठ्ठी लिहिताना पेन्सिल हातातून निसटली आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. ताईंनी वाकून हात घातला, पण पोचेना. मग त्यांनी कंबरेतली कळ सोसत फ्रिज एका बाजूनं धरून जोर लावून पुढे ओढला. पेन्सिल सापडली. ती उचलताना फ्रिजच्या पाठीकडचा तो काळा ट्रे दिसला, आतलं बर्फाचं पाणी ज्यात ठिबकतं तो.

ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं. त्यावर ताईंची सावली पडली आणि पृष्ठभागावर लोंबत असलेलं काहीतरी वळवळत एकदम तळाशी गेलं.

ताई जमिनीवर बसल्या. सावली पडली की तळाला जाणं, पुन्हा हळूहळू वर येणं, ही चाल त्या झोपेतसुद्धा ओळखू शकल्या असत्या. त्यांनी ट्रे सोडवला आणि उजेडात आणला. सवयीनं मोजल्या. एक्केचाळीस.

या ट्रेसाठी त्यांनी किती घरांना नोटिसा दिल्या होत्या. फ्रिजमागे बघा, हे त्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायच्या. एकदा एका घरात, कडेवर बाळ घेतलेल्या एका सुनेला त्यांनी सासूसमोर, शेजाऱ्यांसमोर विचारलं होतं, "हे घर आहे की डबकं?" ती मुलगी तिथेच रडली. ताईंनी हा किस्सा पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगितला. निरोप समारंभातही सांगितला होता आणि सगळे हसले होते.

त्या ट्रे घेऊन मोरीत गेल्या. ओतायचं, ब्रशनं खसखसून घासायचं, दोन मिनिटांचं काम. कोणाला कळलं नसतं. ट्रे तिरपा केलेला असताना त्यांना खात्यातला एक जुना सहकारी आठवला. तो दिवसभर चहाच्या दुकानात बसून पन्नास घरांच्या तक्त्यात पन्नास शून्यं लिहायचा. त्याच्या तक्त्यांमुळे एका वस्तीत फवारणी झाली नाही, आणि तिथे काय झालं ते ताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून खोटं शून्य लिहिणाऱ्याचा त्यांना डासांपेक्षा जास्त तिटकारा होता.

"आता बोल," त्या स्वतःलाच म्हणाल्या. "घर आहे की डबकं?"

मग त्यांनी ट्रे सरळ केला, टेबलावरून ड्रॉपर आणला आणि बारावी बाटली भरली. चिठ्ठीवर लिहिलं, वरची खोली, फ्रिजमागे, एक्केचाळीस.

बैठक अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर पुसून चकचकीत केलेलं मशीन. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं, वकिलांनी अर्ज वाचला. इस्त्रीवाल्याबद्दल वैयक्तिक आकस नाही, असं त्यात तीनदा लिहिलं होतं. कोणाला काही बोलायचं आहे का, असं विचारल्यावर कोणी बोलणार नाही अशीच सगळ्यांची समजूत होती. ताई उठल्या आणि पिशवीतून एकेक बाटली काढून मशीनशेजारी मांडत गेल्या.

"हे औषध आहे का?" प्राचार्यांनी विचारलं.

"अळ्या आहेत. या गल्लीतल्या."

"म्हणजे त्या पिंपातल्या," वकील म्हणाले.

"त्या पिंपात एकही नाही. मी पाच वेळा पाहिलं. तुमच्यापैकी कोणी एकदा तरी पाहिलं का?"

 अध्यक्ष मशीनच्या पट्ट्याशी चाळा करू लागले. ताईंनी एक बाटली उचलून पुढे धरली. मनातली सगळी तयार वाक्यं बाजूला ठेवावी लागली होती, त्यामुळे आवाज थोडा कोरडा झाला.

"ही माझी. माझ्या खोलीतल्या फ्रिजच्या ट्रेमधली. एक्केचाळीस अळ्या. मी चार वर्षांत एकदाही फ्रिज हलवला नाही."

गॅरेजभर हसू पसरलं. पहिले प्राचार्य हसले. वकिलांना हसताना ठसका लागला. "अहो, म्हणजे कारखाना अध्यक्षांच्याच घरात," ते म्हणाले. "आणि आम्ही उगाच टपरीवर." भावजय खुर्चीत चोरासारखी बसली होती. अध्यक्षांचे कान लाल झाले. ताई उभ्याच राहिल्या. लोक पोटभर हसले तोवर थांबल्या. एवढ्या सगळ्यांना एकदम इतकं आनंदात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बाकीच्या अकरा कोणाच्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या एकट्या हसल्या नव्हत्या.

"चिठ्ठ्या तळाला चिकटवल्यात. ज्याला बघायचं त्यानं उचलून बघावं."

हसू आटलं. कोणी खुर्चीतून हललं नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या बाटलीकडे बघितल्यासारखं करत होता.

"मी वाचून दाखवणार नाही," ताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी प्रत्येकाकडे येईन. जिथे अळ्या नसतील तिथली बाटली त्यांच्यासमोर मातीत ओतीन. जिथे असतील तिथली चिठ्ठीसकट कमिटीच्या फळ्यावर लावीन."

"असं खाजगी जागेत शिरता येत नाही," वकील म्हणाले. "कायद्यानं बघायला गेलं तर..."

"माझ्यापासून सुरुवात करा. आत्ता. वर चला सगळे आणि खोली तपासा."

आणि ते खरंच गेले. हातातला अर्ज टेबलावर टाकून सगळेच्या सगळे जिन्यावरून ताईंच्या खोलीत गेले. फ्रिजमागे वाकून पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, बादल्या पालथ्या केल्या. प्राचार्यांनी तर उशीही उचलून बघितली. "तरी म्हटलं, आपल्याकडे हे येतं कुठून," कोणीतरी म्हणालं. ताई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. अपमान व्हायचा तेवढा झाला. पण खाली टेबलावर पडलेल्या त्या अर्जाची आठवण एकालाही राहिली नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. गल्लीला एक गुन्हेगार हवा होता. तो मिळाला होता, आणि दुसऱ्याची गरज उरली नव्हती.

दुपारी जेवणं झाल्यावर गल्लीत काथ्यानं घासल्याचे आवाज सुरू झाले. वकिलांच्या मोटारीवरची ताडपत्री उतरली. प्राचार्य शिडी लावून कुंपणाच्या पाइपांत सिमेंट भरत होते. गल्लीच्या भल्यासाठी यांतला एकही माणूस हलला नव्हता. अळीबाईपेक्षा आपण स्वच्छ, एवढं दाखवण्यासाठी मात्र माणसं घामाघूम झाली. ताईंनी खिडकीतून हे पाहिलं. इतकी वर्षं लोकांना पत्रकं वाटली, तक्ते दाखवले, शाळेशाळेत जाऊन भाषणं दिली. त्यापेक्षा आधीच स्वतःच्या घरात एक ट्रे सडवायला हवा होता.

पुढच्या रविवारी त्यांनी आठ बाटल्या मातीत ओतल्या. उरलेल्या तीनपैकी दोन घरांनी गयावया करून आठवड्याची मुदत मागून घेतली, त्यांच्या त्याच्या पुढच्या रविवारी. एक फळ्यावर लागली, ती कुत्र्याच्या परातीवाल्यांची. त्यांनी रागानं परात मोडीत टाकली आणि ताईंशी बोलणं बंद केलं, त्यामुळे दोन कामं झाली. वकिलांना तर तपासणीचा नादच लागला. ते हातात बॅटरी घेऊन शेजाऱ्यांच्या कुंपणावरून वाकून बशा मोजू लागले. असला माणूस ताईंना मुळीच सोसत नसे, पण उपयोगी होता.

भावजयीनं कारंज्यात माती भरून फुलझाडं लावली आणि ही कल्पना आपल्याला उन्हाळ्यातच सुचली होती असं सगळ्यांना सांगितलं. हंस आता झेंडूसारख्या पिवळ्या फुलांत चोच उघडून उभा होता.

डॉक्टरीणबाई एकदा संध्याकाळी वर आल्या. यजमान आता भिंत धरून चालायला लागले होते. "माझी बाटली मातीत ओतलीत ना, तेव्हा चिठ्ठी मी वाचली," त्या म्हणाल्या. "खुर्चीमागची होती."

"हो."

"मी रोज त्यांना तिथे बसवत होते. उजेड चांगला येतो म्हणून."

ताईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. दातांतली कीड दिसते आणि बाटलीतली दिसत नाही, असं काहीतरी. चांगलं होतं वाक्य. ताईंनी ते गिळलं आणि चहाचं आधण ठेवलं.

तीन आठवडे नवा ताप आला नाही. इस्त्रीवाला होता तिथेच राहिला. त्याला कमिटीनं काही कळवलं नाही, त्यानंही कोणाला विचारलं नाही. ताई कपडे घ्यायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, "ऐकलं, तुमच्या फ्रिजमध्ये किडे निघाले."

"फ्रिजमागे."

"तेच ते," तो म्हणाला आणि गठ्ठा पुढे केला. वरच्या उशीच्या अभ्र्यावर करपल्याचा तांबूस डाग होता. 

महिनाअखेरीस कमिटीच्या पत्रकात अध्यक्षांनी लिहिलं की नियमित धूरफवारणीमुळे रोग आटोक्यात आला आहे आणि सर्व सभासदांचं अभिनंदन. ताईंनी पत्रक वाचलं, चार घड्या केल्या आणि डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं.

अध्यक्ष त्या बैठकीपासून बहिणीशी धड बोलले नव्हते. जेवताना मीठ मागायचं झालं तरी बायकोमार्फत. मग एका दुपारी ते जिना चढून आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिले.

"ताई, खरं सांग. तो ट्रे तू मुद्दाम तसा ठेवला होतास ना? इस्त्रीवाल्याला वाचवायला?"

ताईंनी भावाकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. त्याच्या डोळ्यांत तशी आशाही होती.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "कंबर धरते. फ्रिज ओढवत नाही. आणि ते कोणाला सांगायचं नव्हतं."

अध्यक्षांनी मान खाली घातली. "कारंज्यातल्या अळ्या मला दिसत होत्या," ते म्हणाले. "तिथेच बसून चहा पितो मी. रोज दिसायच्या. हिला सांगायची हिंमत होत नव्हती."

"आणि इस्त्रीवाल्याच्या अर्जावर सही करायची होत होती."

"ते सगळे करत होते."

"पहिली तुझी होती, पिंट्या."

या वेळी ते कप उचलून निघून गेले नाहीत. कपही नव्हता. ते उठले, फ्रिजच्या एका बाजूला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुठे धरायचं?"

"खालून. आणि पाठीत वाकू नकोस, गुडघ्यांत वाक."

त्यांनी पाठीतच वाकून जोर लावला आणि कण्हले. फ्रिज चार बोटं सरकला. ताईंनी ट्रे काढून पाहिला. कोरडा होता. त्यांनी तरीही ब्रश घेतला आणि भावाला मोरीकडे जायची खूण केली.